वळणावरची खरखर : मोटारीच्या एका दोषाचा अभ्यास

पदार्थविज्ञानाच्या तासाला आपण गति, घर्षण, जडत्व इत्यादि शब्द शिकतों आणि उत्तरपत्रिकेंत ते उतरवून मोकळे होतों. परंतु हेच शब्द शाळेच्या फाटकाबाहेर, सांताक्रूझच्या रस्त्यांवरून धांवणाऱ्या प्रत्येक मोटारीखालीं अहोरात्र काम करीत असतात, हें आपल्या ध्यानांत क्वचितच येतें. त्यांपैकीं एका लहानशा प्रश्नाचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों. प्रश्न असा कीं, मोटार सरळ जात असतां शांत असते. परंतु चालकानें स्टिअरिंग फिरवून ती वळविली म्हणजे खालून कांहींतरी घासल्याची खरखर ऐकूं येते. हा आवाज कशाचा, तो कसा ओळखावा आणि त्यावर उपाय कोणता?

प्रश्न लहान दिसतो खरा. परंतु त्याच्या उत्तरावर कधीं एखाद्या कुटुंबाचा महिन्याचा खर्च, तर कधीं गाडींत बसलेल्या माणसांचे प्राण अवलंबून असतात. शिवाय उत्तर शोधण्याची जी रीत येथें उपयोगी पडते, ती मोटारीपुरतीच नाहीं. म्हणून ज्यांच्या घरीं मोटार नाहीं, त्यांनींही हा लेख शेवटपर्यंत वाचावा, अशी आमची विनंती आहे.

वळतांना काय बदलतें?

कोणत्याही दोषाचा शोध घेतांना पहिला प्रश्न हा विचारावा कीं, दोष नसतो तेव्हांची आणि दोष असतो तेव्हांची परिस्थिति यांत फरक कोणता? आपल्या उदाहरणांत फरक उघड आहे. गाडी सरळ जात होती, ती वळूं लागली. तेव्हां वळतांना चाकांपाशीं ज्या नव्या गोष्टी घडतात, त्यांपैकीं एकीशीं या आवाजाचा संबंध असला पाहिजे. अशा गोष्टी मुख्यतः चार आहेत.

पहिली गोष्ट ही कीं, पुढचीं चाकें आपली दिशा बदलतात. जुन्या चारचाकी घोडागाडींत पुढचा सबंध आंस मधल्या एका खिळीवर फिरत असे. मोटारींत तसें होत नाहीं. प्रत्येक चाक आपापल्या जागीं स्वतंत्रपणें वळतें, आणि आंतलें चाक बाहेरच्यापेक्षां किंचित् अधिक वळतें. या रचनेचें पेटंट रुडॉल्फ आकरमान यानें १८१८ सालीं इंग्लंडांत घेतलें. तें घोडागाड्यांसाठीं होतें. पुढें मोटारी निघाल्या तेव्हां तीच कल्पना त्यांच्या कामीं आली. चाक असें वळलें म्हणजे टायरची कड मडगार्डाच्या आंतील आवरणाजवळ जाते, आणि चाकावरची उभी स्प्रिंग आपल्या माथ्यावरील बेअरिंगवर फिरते.

दुसरी गोष्ट ही कीं, बाहेरच्या चाकाला आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें. समजा, दोन चाकांमधील अंतर १.४ मीटर आहे. गाडी काटकोनांत वळली, तर बाहेरचें चाक सुमारें २.२ मीटर अधिक जातें. पूर्ण वर्तुळ घेतलें, तर हा फरक ८.८ मीटर होतो. वर्तुळाच्या परिघाचें सूत्र ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. दोन्हीं चाकांना एकाच यंत्राकडून शक्ति मिळावी आणि तरीही त्यांचा वेग निराळा असावा, यासाठीं डिफरन्शिअल नांवाचा दांत्यांच्या चाकांचा समूह बसविलेला असतो. सरळ रस्त्यावर त्यांतील लहान चाकें एकमेकांवर जवळजवळ फिरतच नाहींत. वळतांना मात्र तीं फिरूं लागतात.

तिसरी गोष्ट भाराची. बेस्टची बस डावीकडे वळली कीं उभे असलेले प्रवासी उजवीकडे झुकतात, हें आपण नित्य पाहतों. गाडीच्या अंगाचेंही तेंच होतें. डावीकडे वळतांना उजव्या चाकांवर अधिक भार येतो, आणि उजवीकडे वळतांना डाव्या चाकांवर. ही गोष्ट साधी आहे, पण तिचें महत्त्व पुढें कळून येईल.

चौथी गोष्ट सांध्याची. कुर्ल्याच्या कारखान्यांत बनत असलेली प्रीमिअर पद्मिनी मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाची होती. त्या जातीच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीनें ऑक्टोबर २०२३ मध्यें शहराचा निरोप घेतला. त्या गाडींत यंत्राची शक्ति मागच्या चाकांना मिळे, आणि पुढचीं चाकें केवळ दिशा दाखवीत. डिसेंबर १९८३ मध्यें मारुति ८०० रस्त्यावर आली. तिच्यांत पुढचीं चाकेंच गाडी ओढतात आणि तींच वळतात. आज शहरांतील बहुतेक लहान मोटारी याच पद्धतीच्या आहेत. फिरणारा दांडा वांकवावा, आणि वांकलेला असतांही त्याची गति एकसारखी राहावी, ही मोठी कठीण मागणी आहे. ज्या रॉबर्ट हुकचा नियम आपण स्प्रिंगच्या पाठांत शिकतों, त्याच्या नांवानें ओळखला जाणारा सांधा वांकून फिरूं शकतो. पण त्याची गति प्रत्येक फेऱ्यांत दोनदां कमी आणि दोनदां अधिक होते. १९२० ते १९३० च्या दरम्यान फोर्ड कंपनींतील अभियंता आल्फ्रेड झेपा यानें गोळ्यांचा एक सांधा शोधून ही अडचण दूर केली. आंतल्या आणि बाहेरच्या वाटींतील खांचांमधून साधारणतः सहा पोलादी गोळ्या फिरतात. भोंवतीं ग्रीस असतें, आणि सर्वांवर रबराची घड्यांची पिशवी असते. तिला कारागीर बूट म्हणतात. १९५९ सालीं इंग्लंडांत निघालेल्या मिनी मोटारीनें अशा सांध्याचा प्रसार सर्वत्र केला.

आवाजाचें नांव

आतां आवाजाकडे वळूं. या बाबतींत आपली मराठी भाषा फार श्रीमंत आहे. चालक गॅरेजांत जाऊन केवळ "आवाज येतो" एवढेंच सांगतो, तेव्हां तो ही सारी संपत्ति घरीं ठेवून येतो. कान देऊन ऐकलें, तर प्रत्येक दोषाला आपापला शब्द सांपडतो.

गाडी अगदीं हळू, पूर्ण वळलेली असतां "टक टक टक" असा सुटा सुटा आवाज आला, आणि चाकाच्या वेगाबरोबर तो जलद झाला, तर संशय गोळ्यांच्या सांध्याचा घ्यावा. जात्यासारखी सलग "घरघर" आली, वेगाबरोबर ती वाढली, आणि एका बाजूच्या वळणावर मोठी व दुसऱ्या बाजूच्या वळणावर बारीक झाली, तर चाकाचें बेअरिंग तपासावें. पत्र्यावर पत्रा घासल्यासारखी कर्कश "खर्रखर्र" असेल, तर ब्रेककडे पाहावें. एक तर ब्रेकचे पॅड झिजून त्यांची लोखंडी पाठ डिस्कवर टेंकली असेल, किंवा डिस्कमागील पातळ पत्रा वांकला असेल, अथवा त्यांत खडा अडकला असेल. चाक पूर्ण वळवितांच "घसघस" असा जड आवाज आला, तर टायर कशावर तरी घासत आहे. गाडी उभी असतां नुसतें स्टिअरिंग फिरवितांना "करकर" झाली, तर स्प्रिंगच्या माथ्यावरील बेअरिंग कोरडें पडलें असण्याचा संभव आहे. आणि स्टिअरिंग शेवटच्या टोंकापर्यंत नेल्यावर एखादा आजारी मनुष्य कण्हावा तसा सूर निघाला, तर तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्टिअरिंगच्या पंपांत तेल कमी झालें असावें. पुष्कळ नव्या गाड्यांत स्टिअरिंगला विजेची मदत असते. त्यांत हें तेल नसतेंच, हें ध्यानांत ठेवावें.

परंतु शब्दावरून निर्णय करूं नये. शब्द हा केवळ संशय दाखवितो. निर्णय परीक्षेनें करावयाचा.

चार परीक्षा

परीक्षांचा नियम एकच आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या सर्व तशाच ठेवाव्या, आणि आवाज बदलला कीं नाहीं हें लिहून ठेवावें. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर फरक कोणामुळें पडला हें ब्रह्मदेवालाही सांगतां येणार नाहीं. गाडी अर्थात् परवाना असलेल्या मोठ्या माणसानेंच चालवावी, आणि रहदारीच्या रस्त्यावर नव्हे, मोकळ्या जागेंत चालवावी.

पहिली परीक्षा उभ्या गाडीची. यंत्र बंद ठेवून स्टिअरिंग जेवढें फिरेल तेवढें फिरवावें. मग यंत्र चालू करून दोन्हीं टोंकांपर्यंत फिरवावें. गाडी जागची हलली नसतांही आवाज आला, तर चाकाचें बेअरिंग आणि गोळ्यांचा सांधा हे दोघे बहुतेक निर्दोष ठरतात, कारण ते फिरलेच नाहींत. मग स्प्रिंगचा माथा, स्टिअरिंगचा पंप किंवा टायरजवळील आवरण यांच्याकडे पाहावें.

दुसरी परीक्षा लहान वर्तुळाची. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी माणसाच्या चालीनें गोल फिरवावी. आधीं डावीकडे, मग उजवीकडे. या वेळीं सांधा सर्वांत अधिक वांकलेला असतो, म्हणून त्याची टकटक येथेंच स्पष्ट ऐकूं येते. पाय दाबून यंत्राची ओढ किंचित् वाढवितांच टकटक वाढली, तर संशय बळावतो. पुष्कळदां बाहेरच्या बाजूच्या चाकाचा सांधा अपराधी असतो. तथापि बूट डोळ्यांनीं पाहिल्यावांचून नक्की सांगूं नये.

तिसरी परीक्षा वेगाची. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगानें जातांना थोडें डावीकडे आणि थोडें उजवीकडे वळावें. हा आवाज भाराप्रमाणें बदलला, तर बेअरिंगचा दोष. डाव्या वळणावर घरघर वाढली, तर बहुधा उजवें बेअरिंग. उजव्या वळणावर वाढली, तर डावें. तोच वेग ठेवून पाय सोडला आणि तरी आवाज तितकाच राहिला, तर यंत्राच्या ओढीशीं त्याचा संबंध नाहीं. ब्रेक हळूच दाबल्यावर आवाज बदलला किंवा थांबला, तर ब्रेककडे बोट जातें.

चौथी परीक्षा उचललेल्या चाकाची. गाडी सपाट व घट्ट जमिनीवर असावी, हातब्रेक ओढलेला असावा, आणि मागच्या चाकांना पुढून व मागून ठोकळे लावावे. चाकाचे नट आधीं थोडे ढिले करावे, मग जॅकनें गाडी उचलावी, आणि लगेच खालीं मजबूत स्टँड द्यावा. केवळ जॅकच्या भरंवशावर कोणीही गाडीखालीं जाऊं नये. जॅक सरकण्यास एक क्षण पुरतो. नंतर एका हातानें चाक फिरवावें आणि दुसरा हात स्प्रिंगवर हलकेंच टेंकवावा. बेअरिंग बिघडलें असेल, तर स्प्रिंगमधून बोटांना रवाळ थरथर जाणवते. पुढें चाक वर आणि खालीं धरून हलवावें. ढिलेपणा जाणवला, तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट. उजव्या आणि डाव्या कडेस धरून हलवितांना ढिलेपणा आला, तर स्टिअरिंगच्या दांड्याचा शेवट तपासावा.

सांताक्रूझचें पाणी

हा दोष सर्व देशांत होतो. परंतु आमच्या या उपनगरांत त्याला एक विशेष सोबती आहे, तो म्हणजे पाणी. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी नदी काठ सोडून पसरली, आणि रस्त्यांवर हजारों वाहनें पाण्यांत अडकून पडलीं. तशी आपत्ति नित्य येत नाहीं. पण मिलन सबवे मोठ्या पावसांत पाण्याखालीं जातो, आणि चाकें बुडतील एवढ्या पाण्यांतून गाडी काढण्याचा मोह चालकांना होतो.

त्या वेळीं चाकांत काय घडतें, हें पाहण्याजोगें आहे. बराच वेळ धांवलेल्या गाडीचें बेअरिंग आणि त्याभोंवतींचा भाग ऊन झालेला असतो. आंतील हवाही ऊन असते. असा भाग थंड पाण्यांत एकदम बुडाला, म्हणजे आंतील हवा आकसते आणि बाहेरचें पाणी रबरी कडीजवळून आंत ओढून घेते. कडी नवी व घट्ट असेल तर पाणी बाहेरच अडतें. झिजलेली असेल तर त्या पाण्याबरोबर बारीक चिखलही आंत जातो. ग्रीस आणि पाणी एकमेकांत घुसळलें जाऊन त्याचा चिकटपणा नाहींसा होतो, पोलादावर गंज चढतो, आणि ज्या वाटेवर गोळ्या गुळगुळीत फिरत होत्या तिच्यावर बारीक खड्डे पडतात. आवाज त्याच दिवशीं येत नाहीं. कांहीं आठवड्यांनीं येतो. म्हणून चालकाला पाण्याची आठवणही राहत नाहीं. सायकलचें चाक पुराच्या पाण्यांतून काढल्यावर कांहीं दिवसांनीं जें रखरखूं लागतें, त्याचें कारण हेंच.

पाण्याचे आणखीही दोन खेळ आहेत. मडगार्डामधील प्लॅस्टिकचें आवरण पाण्याच्या जोरानें सुटतें आणि वळतांना टायरवर घासतें. त्यावर झिजून चकाकणारी रेघ दिसते. तसेंच जुहूच्या बाजूची खारी हवा आणि पाऊस यांमुळें रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या ब्रेक-डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. सकाळीं पहिल्या दोन-चार ब्रेकांत तो खरवडून जातो आणि आवाज थांबतो. तो दोष नव्हे, आणि त्यासाठीं पैसे खर्चण्याचेंही कारण नाहीं.

एक उदाहरण

आतां एक घडलेली हकीकत सांगतों. वाकोल्याच्या बाजूस राहणारे एक गृहस्थ भाड्याची मोटार चालवून संसार चालवितात. त्यांचा मुलगा आमच्या वर्गांत होता. ऑगस्ट महिन्यांत ते मुलाच्या फीसाठीं मुदत मागावयास आले. कारण विचारलें तेव्हां म्हणाले, "सर, गाडीनं सगळं खाल्लं. डावीकडं वळली की खालून घरघरते. एकदा पैसे भरले, आवाज तसाच. आता म्हणतात, गिअरबॉक्स उघडावा लागेल."

आम्हीं अधिक चौकशी केली. पहिल्या कारागिरानें गाडी उचलून पाहिली होती, आणि डाव्या सांध्याचा बूट फाटलेला आढळला होता. ग्रीस बाहेर उडालें होतें. त्यानें सांधा बदलला, आणि तें काम चुकीचें होतें असें कोणी म्हणणार नाहीं. फाटक्या बुटाचा सांधा आज ना उद्यां बिघडणारच होता. परंतु चूक निराळ्या ठिकाणीं झाली. एक दोष सांपडला, आणि तोच आवाजाचा जनक असें धरून चालण्यांत आलें. दोष आणि आवाज यांची गांठ कोणीं घालून पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशीं पहांटे, रस्ता मोकळा असतां, आम्ही त्यांच्या गाडींत बसलों. मुलाच्या हातीं कागद आणि पेन्सिल दिली. उभ्या गाडीवर स्टिअरिंग फिरविलें, आवाज नाहीं. लहान वर्तुळें घेतलीं. टकटक नाहीं, मंद घरघर तेवढी होती. मध्यम वेगानें डावें वळण घेतलें, घरघर मोठी. उजवें वळण, जवळजवळ शांत. डावें वळण, पाय दाबलेला; घरघर. डावें वळण, पाय सोडलेला, घरघर तितकीच. ब्रेक हलका दाबला, फरक नाहीं. मुलानें सहा ओळी लिहिल्या, आणि त्या सहा ओळींतच उत्तर होतें. यंत्राची ओढ कमी-अधिक केल्यानें आवाज बदलत नाहीं, तेव्हां गिअरबॉक्स उघडण्याची घाई करण्याचें कारण उरलें नाहीं. ब्रेकनें बदलत नाहीं, तेव्हां ब्रेक नव्हे. केवळ भार उजवीकडे गेला कीं वाढतो. तेव्हां उजवें बेअरिंग.

आम्हीं कागद मुलाच्या हातांत ठेवून विचारलें, "या चाकानें गाडी चालवावी का?" त्यानें वडिलांकडे पाहिलें आणि मान हलविली. त्या रात्रीं विमानतळावरील एका प्रवाशाचें भाडें ठरलें होतें. वडिलांनीं तें दुसऱ्या चालकाला देऊन टाकलें. ज्या घरांत फीची मुदत मागण्याची वेळ आली होती, त्या घरानें एका रात्रीची मिळकत सोडली, याचें मोल आम्हांला त्या सहा ओळींहूनही अधिक वाटलें. बेअरिंग फार झिजलें म्हणजे चाक डुलूं लागतें. पुढें तें तापून अडकूं शकतें, आणि भर वेगांत चाकाचा ताबा सुटण्याची भीति असते. त्या अपघाताचें बिल कोणत्याच गॅरेजांत भरतां येत नाहीं.

सकाळीं दुसऱ्या एका कारागिरानें चाक उचललें. हात स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवितांच तो म्हणाला, "हेच." बेअरिंग बाहेर काढलें तेव्हां ग्रीसचा रंग दुधाच्या चहासारखा झाला होता. मग त्या गृहस्थांना आठवलें, जुलै महिन्यांत एका संध्याकाळीं त्यांनीं मिलन सबवेच्या पाण्यांतून गाडी काढली होती. बेअरिंग बदललें; आवाज गेला; गिअरबॉक्स उघडावाच लागला नाहीं. फीची मुदतही त्यांना पुरती वापरावी लागली नाहीं.

उपाय

दोष निश्चित झाल्यावर उपाय बहुधा सरळ असतो. डिस्कमागील पत्रा वांकला असेल, तर तो हातानें किंवा स्क्रूड्रायव्हरनें हलकेंच मागें घ्यावा. खडा असेल तर काढून टाकावा. ब्रेकच्या पॅडवरील घर्षणाचा थर सुमारें ३ मिलिमीटरपर्यंत आला, कीं ते बदलावे. आणि एका बाजूचे बदलले, तर त्याच आंसावरील दुसऱ्या बाजूचेही बदलावे. डिस्कवर खोल चर पडले असतील, तर तीही तपासून घ्यावी. टायर घासत असेल, तर सुटलेलें आवरण नीट बसवावें. गाडीला मापापेक्षां रुंद टायर घातले असतील, तर ते काढून योग्य मापाचे घालावे. स्टिअरिंगचें तेल कमी असेल, तर कंपनीनें सांगितलेल्या जातीचेंच भरावें, आणि तें कोठून गळलें हें शोधावें. कारण तेल आपोआप नाहींसें होत नाहीं.

गोळ्यांच्या सांध्याचा बूट फाटला पण टकटक अद्याप नाहीं, अशा वेळीं सांधा धुऊन, नवें ग्रीस भरून नवा बूट चढविला म्हणजे पुष्कळदां काम भागतें. टकटक सुरू झाल्यावर मात्र ग्रीस कितीही भरलें तरी झिजलेलें पोलाद परत येत नाहीं. सांधाच बदलावा लागतो. चाकाचें बेअरिंगही दुरुस्त होत नाहीं, बदलावेंच लागतें. कांहीं गाड्यांत तें हबसह एकत्र मिळतें आणि बोल्टनें बसतें. कांहींत तें दाबयंत्रानेंच बसवावें लागतें. हातोडीनें ठोकून बसविलेलें बेअरिंग पहिल्याच दिवशीं आंतून दुखावतें, म्हणून तें काम ज्याच्याजवळ दाबयंत्र आहे त्याच्याकडेच द्यावें. आंसाचा मोठा नट कंपनीनें दिलेल्या मापाप्रमाणें आंवळावा. अंदाजानें आंवळूं नये. चाकाचे नट समोरासमोरचे असे क्रमानें आंवळावे, आणि पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हां एकदां पाहावे.

सर्वांत शेवटीं, जी परीक्षा दोष शोधण्यासाठीं केली, तीच दुरुस्तीनंतर पुन्हां करावी. तेंच वळण, तोच वेग. आवाज गेला असेल, तरच निदान खरें ठरलें. भाग बदलला म्हणजे दोष गेला असें नव्हे. दोष गेला हें गाडीनेंच सांगितलें पाहिजे. कारागिराजवळ जातांना आपल्या नोंदीचा कागद बरोबर न्यावा. चांगला कारागीर त्याचा राग मानीत नाहीं. उलट त्याचा वेळ वांचतो, आणि आपला पैसाही वांचतो.

फाटलेला बूट खरा होता, त्याची दुरुस्तीही योग्य होती. तरी घरघर त्याची नव्हती. गणिताच्या वहींत, प्रयोगशाळेंत, आणि माणसांविषयीं मत बनवितांनाही हें उदाहरण आठवावें. सांपडलेली पहिली चूक हीच सर्व बिघाडाचें मूळ, असें लगेच ठरवूं नये. ती चूक दूर केल्यावर बिघाड थांबतो का, हें पाहावें. आणि मग बोलावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. दोन चाकांमधील अंतर १.५ मीटर असलेली मोटार एक पूर्ण वर्तुळ फिरली. बाहेरचें चाक आंतल्या चाकापेक्षां किती मीटर अधिक गेलें?

२. उजवीकडे वळतांना घरघर वाढते, डावीकडे वळतांना कमी होते. पाय सोडल्यानें फरक पडत नाहीं. कोणत्या बाजूचें बेअरिंग तपासाल? कारण द्या.

३. गाडी उभी असतां स्टिअरिंग फिरवितांना करकर येते. गोळ्यांचा सांधा अपराधी असण्याचा संभव कमी कां?

४. आपल्या घरांतील पंखा, सायकल किंवा शिवणयंत्र यांपैकीं एखाद्याच्या आवाजास मराठींत नेमका शब्द शोधा. एका वेळीं एकच गोष्ट बदलून त्याच्या कारणाचा शोध घ्या, आणि सहा ओळींची नोंद लिहून वर्गांत आणा.